तपास गुप्त असावा, हिशेब उघड असावा

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीच्या एसटी थांब्यावर विचारा, वाशिमच्या कोर्टाबाहेर चहा पिणाऱ्या वकिलांना विचारा किंवा मुंबईच्या वृत्तवाहिनीवरची चर्चा ऐका. दहशतवादाच्या तपासाबद्दल एक मत सगळीकडे सारखेच ऐकू येते. ‘हा देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. काय सांगायचे आणि काय झाकायचे ते सरकारला कळते. जास्त खोलात जाऊ नये. प्रश्न विचारणाऱ्याचा फायदा शेवटी अतिरेक्यालाच होतो.’ असे म्हणणारी माणसे बहुतेक काळजीपोटीच म्हणतात. म्हणून हे मत उडवून न लावता आधी पुरते मांडले पाहिजे आणि मग तपासले पाहिजे. माझे म्हणणे असे की, या मतातला एक भाग खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. महाराष्ट्राच्या गेल्या वीस वर्षांच्या अनुभवानेच तो चुकीचा ठरवला आहे.

या पूर्वपक्षाचे चार मुद्दे आहेत.

पहिला मुद्दा सर्वात भक्कम आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताज, ओबेरॉय आणि नरिमन हाऊसभोवतीच्या हालचाली वाहिन्यांनी थेट दाखवल्या. पाकिस्तानात बसलेले सूत्रधार तेच चित्र पाहून आत दडलेल्यांना फोनवर सूचना देत होते. २९ ऑगस्ट २०१२ ला कसाबची फाशी कायम करताना सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. दुसरा मुद्दा साक्षीदारांचा. त्यांची नावे फुटली तर त्यांच्या जिवाला धोका होतो आणि ते फितूर होतात. तिसरा मुद्दा पोलिसांच्या मनोधैर्याचा. जिवावर उदार होऊन काम करणाऱ्यांना रोज जाब विचारला तर हात आखडतील. चौथा मुद्दा कायद्याचा. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये सुरक्षा आणि चालू तपास यांसाठी अपवाद आहेत, कलम २४ मध्ये गुप्तचर व सुरक्षा संस्थांना वगळले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सर्व एफआयआर संकेतस्थळावर टाकण्याचा आदेश देताना दहशतवादाचे गुन्हे वगळण्याची मुभा दिली, आणि २०२३ मध्ये आरोपपत्रे सर्वांसाठी खुली करण्याची मागणी फेटाळली.

यातले काय मान्य करायचे ते आधीच सांगतो. चालू कारवाईचे चित्र दाखवू नये. खबऱ्याचे, साक्षीदाराचे नाव फुटू देऊ नये. कोणाच्या फोनवर पाळत आहे, उद्या कुठे छापा पडणार आहे, हे कोणी विचारूही नये. याबद्दल वाद नाही. पण सरकारच्या कामात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक तपासाची पद्धत, दुसरी तपासाचा हिशेब. पद्धत झाकण्यासाठी दिलेली कारणे हिशेब झाकण्यासाठी वापरली जातात, हा या मताचा मूळ दोष आहे.

आता खंडन. पहिली गोष्ट म्हणजे, सरकार गप्प राहते हे गृहीतकच खरे नाही. आपल्याकडे सरकार भरपूर बोलते. फक्त सर्वात कमी माहीत असते तेव्हा सर्वात मोठ्याने बोलते, आणि सर्वात जास्त माहीत होते तेव्हा तोंड मिटते.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये अवघ्या काही मिनिटांत सात स्फोट झाले. १८० हून अधिक माणसे गेली, आठशेच्या आसपास जखमी झाली. ३० सप्टेंबर २००६ ला मुंबईचे तेव्हाचे पोलीस आयुक्त ए. एन. रॉय यांनी पत्रकार परिषद घेऊन गुन्हा उलगडल्याचे जाहीर केले. आयएसआयने कट रचला, लष्कर-ए-तोयबा आणि सिमीच्या माणसांनी तो अमलात आणला, असे सविस्तर सांगितले गेले. त्या वेळी आरोपपत्र दाखल व्हायला दोन महिने बाकी होते. म्हणजे जे न्यायालयापुढे कागदावर यायचे होते ते आधीच माइकपुढे आले. ‘तपास चालू आहे, काही सांगता येणार नाही’ हे वाक्य त्या दिवशी कोणालाही आठवले नाही.

पुढे काय झाले? २००८ मध्ये मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीनचे संशयित पकडले. लोकलमधले स्फोट आपल्याच गटाने केले, असे त्यांच्यातल्या एकाच्या जबाबात आले. एकाच शहरात, एकाच गुन्ह्याच्या दोन कहाण्या तयार झाल्या. पहिली कहाणी ज्या जोराने सांगितली होती, त्याच्या पावपट जोरानेही या विसंगतीचा खुलासा जनतेपुढे आला नाही. आरोपींनी आपल्या मोबाइलच्या कॉल नोंदी मागितल्या तर त्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत भांडावे लागले. ३० सप्टेंबर २०१५ ला, त्या पत्रकार परिषदेला बरोबर नऊ वर्षे झाली त्या दिवशी, विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली. तेराव्याला त्याआधीच निर्दोष सोडले होते. तो शाळेतला शिक्षक होता.

आणि २१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांनी बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यातला एक जण तोवर नागपूरच्या तुरुंगात असतानाच मरण पावला होता. हे निकालपत्र सहाशेहून अधिक पानांचे आहे. त्यात दाखवलेल्या तपासातल्या त्रुटींची जात पाहा. स्फोटात वापरलेला बॉम्ब कोणत्या प्रकारचा होता हेच सरकारी पक्षाला सिद्ध करता आले नाही. ज्या टॅक्सीचालकांनी आरोपींना पाहिल्याचे सांगितले ते शंभराहून अधिक दिवसांनी पुढे आले. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता. वेगवेगळ्या आरोपींच्या कबुलीजबाबांत तोच तो मजकूर आढळला. न्यायालयाने स्वच्छ शब्दांत बजावले की, गुन्हा उलगडल्याचा नुसता देखावा झाला तर समाजाला खोटा दिलासा मिळतो, लोकांचा विश्वास ढळतो आणि खरा धोका मोकळाच राहतो. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ ला त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत नजीर म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही.

आता प्रश्न असा की, वर सांगितलेल्या त्रुटींपैकी कोणती गोष्ट राष्ट्राची सुरक्षा सांभाळण्यासाठी झाकणे गरजेचे होते? ओळखपरेड घेणाऱ्याचा अधिकार? कबुलीजबाबांतला तोच तो मजकूर? साक्षीदार पुढे यायला लागलेले दिवस? अतिरेक्याला यातून काहीही शिकता येत नाही. पोलीस खात्याला मात्र पुष्कळ शिकता आले असते, आणि तेही एकोणीस वर्षे आधी.

मालेगावची गोष्ट याहून वेगळी नाही. ८ सप्टेंबर २००६ ला शब-ए-बारातच्या दिवशी बडा कब्रस्तानच्या परिसरात स्फोट झाले, तीसहून अधिक माणसे मेली. राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने (एटीएस) नऊ मुस्लिम तरुण पकडले आणि आरोपपत्रही दाखल केले. पुढे तपास सीबीआयकडे, मग राष्ट्रीय तपास संस्थेकडे (एनआयए) गेला. २०१३ मध्ये एनआयएने दुसऱ्याच चौघांवर आरोप ठेवले. २५ एप्रिल २०१६ ला विशेष न्यायालयाने आधीच्या आरोपींना आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ ला त्याच गावात भिक्कू चौकात स्फोट झाला, सहा जण गेले. हेमंत करकरे यांच्या एटीएसने एक तपास मांडला. एनआयएने २०१६ च्या पुरवणी आरोपपत्रात त्याच तपासातल्या महत्त्वाच्या भागावर अविश्वास दाखवला. विशेष सरकारी वकील रोहिणी सालियन यांनी तर २०१५ मध्येच, खटल्यात सौम्य भूमिका घ्या असा निरोप आपल्याला मिळाल्याचे जाहीरपणे सांगितले होते. तीसहून अधिक साक्षीदार फिरले. ३१ जुलै २०२५ ला सातही आरोपी सुटले.

एका खटल्यात मुसलमान आरोपी, दुसऱ्यात हिंदू. एकाने एका पक्षाचे लोक संतापले, दुसऱ्याने दुसऱ्या पक्षाचे. पण दोन्हीकडे सरकारची वागणूक सारखीच होती. अटकेच्या वेळी ठाम बोलणे, आणि खटला कोसळला की ‘निकालाचा अभ्यास करू’ एवढे एक वाक्य. ज्यांची माणसे गेली त्यांना कोणीच सांगितले नाही की तुमचा गुन्हेगार कोण, आणि तपास कुठे चुकला. पारदर्शकतेची मागणी एका समाजाची किंवा एका पक्षाची आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही दोन मालेगाव शेजारी ठेवून पाहावीत.

सरकारी बाजूचा शब्द पूर्णपणे विश्वासार्ह मानण्याची सवय किती महाग पडते, याचा दाखला आणखी एका घटनेत आहे. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याचे वाक्य देशभर गाजले. गावोगावच्या भाषणांत ते आले, निवडणुकांत आले. मार्च २०१५ मध्ये विशेष सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी जयपूरच्या एका परिषदेत स्वतःच सांगितले की कसाबने बिर्याणी कधी मागितली नव्हती. त्याच्याबद्दल सहानुभूतीचे वातावरण तयार होऊ लागले म्हणून ते वाक्य आपण रचले. कसाब दोषी होता, त्याच्याविरुद्ध पुरावा भक्कम होता, त्याचा खटला न्या. ताहलियानी यांच्यापुढे पत्रकारांच्या देखत चालला आणि जगाने तो मान्य केला. तिथे खोट्याची काडीचीही गरज नव्हती. उघड खटल्यानेच भारताची बाजू मजबूत केली होती.

आता मनोधैर्याचा मुद्दा. २६/११ च्या रात्री कामा रुग्णालयाजवळ रंगभवनच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी पडले. आपल्या पतीचा मृत्यू नेमका कसा झाला, मदत केव्हा मागितली गेली, नियंत्रण कक्षाने काय उत्तर दिले, हे जाणण्यासाठी विनिता कामटे यांना माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागला. नकार आणि अपील यांतून गेल्यावर नियंत्रण कक्षाच्या नोंदी हाती आल्या. त्या नोंदींवरून त्यांनी २००९ मध्ये पुस्तक लिहिले. शहीद अधिकाऱ्याच्या पत्नीला जो प्रश्न विचारण्यासाठी अर्ज करावा लागतो, तो प्रश्न पोलिसांचे खच्चीकरण करतो असे म्हणणे कामटे आणि करकरे यांच्याच विरोधात जाते. गुप्ततेची झळ गुन्हेगारापेक्षा आधी इमानदार पोलिसाला लागते, कारण वरिष्ठांच्या चुकीचे ओझे त्याच्या अंगावर पडते.

त्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने ३० डिसेंबर २००८ ला राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. समितीने एप्रिल २००९ मध्ये अहवाल दिला. जूनमध्ये विधिमंडळात कृती अहवाल मांडला गेला, मूळ अहवाल मांडला नाही. त्याची पाने बाहेर फुटली, गदारोळ झाला, तेव्हा डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात तो सभागृहापुढे आला. अहवाल उघड झाल्याने महाराष्ट्राच्या सुरक्षेला भगदाड पडले काय? तसे झाल्याचे कोणीही दाखवलेले नाही. अमेरिकेने ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याच्या चौकशी आयोगाचा अहवाल २२ जुलै २००४ ला प्रसिद्ध केला, तो पुस्तकांच्या दुकानात विकला गेला. त्यात सीआयए आणि एफबीआय यांच्या चुका नावानिशी आहेत. दहशतवादी हल्ल्याची चौकशी करणाऱ्या नॉर्वेच्या आयोगाने ऑगस्ट २०१२ मध्ये आपल्याच पोलिसांना दोष दिला. मँचेस्टरच्या २०१७ च्या स्फोटाच्या चौकशीत न्यायाधीशांनी गुप्तचर संस्थेची साक्ष बंद दाराआड ऐकली, आणि जेवढे सांगता येते तेवढ्याचा सारांश मार्च २०२३ मध्ये प्रसिद्ध केला. जुलै २००५ मध्ये लंडनच्या पोलिसांनी एका निरपराध ब्राझिलियन तरुणाला अतिरेकी समजून गोळ्या घातल्या, तेव्हा गोळीबाराची एक चौकशी झाली आणि पोलिसांनी जनतेला नंतर काय खोटे सांगितले याची दुसरी, वेगळी चौकशी झाली. ही दुसरी चौकशी आपल्याकडे कधी झालेली नाही. तिची सर्वात जास्त गरज आपल्यालाच आहे.

कायद्याच्या मुद्द्याचे उत्तर कायद्यातच आहे. कलम ८ मधला अपवाद ‘तपास चालू आहे’ म्हणताच लागू होत नाही. माहिती दिल्याने तपासाला नेमकी कशी बाधा येईल ते अधिकाऱ्याने दाखवले पाहिजे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात ठरवले. कलम १० म्हणते, झाकण्याजोगा भाग काढून उरलेला द्या. कलम २४ मध्ये भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे उल्लंघन यांबद्दलची माहिती अपवादातून बाहेर ठेवली आहे. एनआयए कायद्याचे कलम १७ आणि यूएपीएचे कलम ४४ साक्षीदाराला झाकण्याची सोय करतात. म्हणजे साक्षीदाराचे रक्षण करायला सगळे प्रकरणच अंधारात ठेवण्याची गरज उरत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ नुसार तपासाची प्रगती पीडिताला ९० दिवसांत कळवणे बंधनकारक आहे. कलम ३७ नुसार अटक झालेल्यांची माहिती पोलीस ठाण्यात ठळकपणे लावायची आहे, मग ते ठाणे मुंबईचे असो की मानोऱ्याचे. थेट प्रक्षेपणाचा जो नियम २०१५ मध्ये केबल नियमांत आला, तोही पूर्ण मौन सांगत नाही. नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक काळाने माहिती द्यावी, असे तो सांगतो. आणि १३ सप्टेंबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या पत्रकार परिषदांसाठी सविस्तर नियमावली करायचे केंद्राला सांगितले, ते पोलीस गरजेपेक्षा जास्त आणि अवेळी बोलतात म्हणूनच.

गुप्तता पाळली की शांतता राहते, हा समज आमच्या अमरावती विभागात तरी टिकू नये. २१ जून २०२२ च्या रात्री अमरावतीत एका औषधविक्रेत्याचा गळा चिरून खून झाला. पोलिसांनी संशयित पकडायला सुरुवात केली, पण खुनाचे कारण बरेच दिवस जाहीर केले नाही. तोवर वऱ्हाडभर मोबाइलवर तऱ्हेतऱ्हेचे संदेश फिरत राहिले. कोणी लुटीचे सांगे, कोणी दडपादडपीचे. २ जुलैला पोलिसांनी समाजमाध्यमावरच्या पोस्टशी असलेला संबंध सांगितला आणि त्याच दिवशी केंद्राने तपास एनआयएकडे दिला. त्या मधल्या दिवसांत लोकांच्या हाती अफवेशिवाय काहीच नव्हते. मुंबईत अफवा शमवायला दहा वर्तमानपत्रे आणि शंभर वकील असतात. इंझोरीत व्हॉट्सअॅपवर जे आले तेच पहिले आणि तेच शेवटचे असते. म्हणून अधिकृत, कोरड्या, वेळेवर दिलेल्या माहितीची गरज शहरापेक्षा गावाला जास्त आहे.

एक आक्षेप उरतो. ‘न्यायालय आहे ना? तिथे सगळे बाहेर येतेच.’ न्यायालय एकाच प्रश्नाचे उत्तर देते: समोर उभ्या माणसाविरुद्ध गुन्हा सिद्ध झाला का? नाही झाला, तर मग कोणी केला, चुकीच्या माणसावर वर्षे का गेली, तपास अधिकाऱ्याचे पुढे काय झाले, खटल्यातून काय शिकलो, ही उत्तरे देणे न्यायालयाचे काम नाही. ते गृहखात्याचे काम आहे आणि ते विधिमंडळापुढे झाले पाहिजे.

तर मंडन असे. कारवाई चालू असताना एकच अधिकारी बोलेल, तोही ठरावीक वेळी. अटकेच्या दिवशी कलम, ठिकाण, वेळ आणि वकील मिळाला की नाही एवढेच सांगावे. ‘सूत्रधार’, ‘कबुली’, ‘गुन्हा उलगडला’ हे शब्द आरोपपत्रापर्यंत वापरू नयेत आणि बुरखा घातलेल्या संशयितांना कॅमेऱ्यापुढे उभे करू नये. नव्वद दिवसांनी पीडितांना लेखी, आणि मराठीत, प्रगती कळवावी. आरोपपत्रानंतर साक्षीदारांची नावे झाकून त्याचा सारांश प्रसिद्ध करावा. खटला उच्च न्यायालयात कोसळला तर सहा महिन्यांत विधिमंडळात अहवाल ठेवावा: चूक कुठे झाली, जबाबदारी कोणाची, पुन्हा तपास होणार की नाही. दरवर्षी यूएपीए आणि मोक्काखालील दाखल, प्रलंबित, शिक्षा झालेल्या आणि सुटलेल्या प्रकरणांचा जिल्हावार तक्ता द्यावा. आणि आधी जाहीर केलेली गोष्ट खोटी ठरली, तर ती तितक्याच मोठ्या पत्रकार परिषदेत दुरुस्त करावी. यातली एकही गोष्ट खबऱ्याचे नाव किंवा पाळतीची पद्धत उघड करत नाही.

पत्रकारांनीही आपला वाटा उचलावा. पोलिसांची प्रेसनोट जशीच्या तशी छापायची आणि सुटकेची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत टाकायची, ही सवय जिल्ह्याच्या वर्तमानपत्रांपासून सुटली पाहिजे.

मानोरा तालुका कारंजा मतदारसंघात येतो. इंझोरीच्या वाचकांना माझी विनंती एवढीच आहे की, आपल्या आमदारांना येत्या नागपूर अधिवेशनात एक प्रश्न विचारायला सांगा. ११ जुलै २००६ च्या स्फोटांच्या तपासात काय चुकले, याचा लेखी अहवाल सरकार सभागृहापुढे केव्हा ठेवणार? अटकेच्या दिवशी सरकारने आपल्याला न विचारता सगळे सांगितले होते. सुटकेच्या दिवसाचे उत्तर मात्र आपल्याला मागावे लागणार आहे, आणि ते मागण्याचा अधिकार आपला आहे.